दुपारी घरात सापडणारा पुरुष

फैजपूर
९ फेब्रुवारी १९८७

अभिमन,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही लिहिणार नाही. तुझ्या लक्षात यावं म्हणून मुद्दाम सांगतो, कारण हल्ली तुझं सगळं लक्ष कणकेत असतं असं कळलं.

सांगणारा आपल्या पारावरचा कौतिक. मागच्या आठवड्यात तो लग्नाला धुळ्याला आला होता. दुपारचा मोकळा होता म्हणून देवपुरात तुझं घर शोधत आला. दार तू उघडलंस. हाताला कोपरापर्यंत पीठ. कौतिकला वाटलं सूनबाई आजारी असेल, त्याने तसं विचारलंही. तू हसत म्हणालास म्हणे, ती ड्यूटीवर आहे, नाना, बसा, चहा टाकतो. चहा चांगला होता, हे कौतिकने पारावर सगळ्यांना सांगितलं. चहा पिता पिता मागच्या दोरीवर तू बायकोची साडी झटकून वाळत घालताना दिसलास, हेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. मी हसलो नाही. मला टोपी नीट करण्याचं काम होतं.

तेलाची गिरणी बंद पडली हा तुझा दोष नाही, एवढं मला कळतं. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस आहे. पण गिरणी बंद पडली म्हणून माणूस बंद पडतो का? वर्ष झालं. या वर्षात तू काय शिकलास तर फुलके. अरे, पुरुषाने घराबाहेर पडावं. काम असो की नसो, सकाळी डोक्यावर टोपी घालून निघावं आणि दिवेलागणीला परत यावं. मधल्या वेळात तो काय करतो हे कोणी विचारत नाही. पण दुपारी घरात सापडणारा पुरुष दोनच प्रकारचा असतो. आजारी, नाहीतर बेकार. तू आजारी नाहीस.

मी तुला बोलावलं होतं, केळीच्या बागेत वाल्मीकच्या बरोबरीने उभा राहा म्हणून. तू उत्तर पाठवलंस की बागेत दोघांपुरतं काम नाही, मोठ्या भावाला माझं ओझं होईल. हे तुझ्या डोक्यातलं की तुझ्या टेलिफोनवाल्या बायकोच्या? मी रोज बागेत जातो. मला तर वाल्मीक कधी ओझं म्हणालेला नाही.

आता मुद्द्याचं. प्रमिलाची आई हयात नाही, तेव्हा बाळंतपणाला तुझी आई यायचं म्हणते. मी नको म्हणालो. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तशी ती बोलतेच किती, पण हे न बोलणं वेगळं होतं. तर पाठवतो आहे. सव्वा महिना झाला की जळगावच्या गाडीत बसवून दे. इथे तिला फार काम असतं असं नाही, वाल्मीकची लिला आहे घरात. पण माणूस जागेवर असलेलं बरं.

चुडामण

फैजपूर
२० मार्च १९८७

अभिमन,

कार्ड मिळालं. दुसरीही मुलगी. असो, दोघी सुखरूप आहेत हे वाचलं. बारशाला मला येता येणार नाही. घड कापणीला आलेले आहेत. कापणी वाल्मीक बघतो, पण घरचं एक मोठं माणूस गावात लागतं.

मजुरांचा खोळंबा आहे. होळी होऊन गेली तरी पावरे वरून उतरलेले नाहीत. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला म्हणून गेले आणि बसले तिकडेच सातपुड्यात ढोल बडवत. त्यांच्यातला तो गुमान पावरा निघाला तेव्हा मी स्वतः त्याला आडवा गेलो. म्हटलं, मजुरी वाढवून देतो, थांब. तो म्हणाला, घरात दाणा आहे, आबा, संपला की येतो. मी विचारलं, दाणा आहे म्हणून कोणी काम टाकून जातं का? तुमच्या बोलीत बेकाराला म्हणतात तरी काय? त्याला बेकार म्हणजे काय तेच कळेना. मी फोड करून सांगितली, धडधाकट असून ज्याला काम नाही असा माणूस. त्याने बराच विचार केला. मग मलाच विचारलं, असा माणूस कसा असेल? त्याच्या जंगलात लाकूड नाही का, नदीला मासे नाहीत का? आणि गेला. याच्यापुढे काय बोलायचं? शब्द नाही म्हणून रोगच नाही असं समजणारी मंडळी. आपण मात्र शब्दही बाळगतो आणि तुझ्यासारखी माणसंही बाळगतो.

दुसरं टोक ऐक. कौतिकचा जावई हॉलंडला असतो, बोटी बांधायच्या कारखान्यात इंजिनिअर. तो कारखाना बुडाला. जावई घरी बसला. आणि तिथलं सरकार त्याला घरी बसण्याबद्दल पैसे देतं, थोडेथोडके नाही, पगाराच्या जवळपास. त्याने फक्त अधूनमधून एका कचेरीत जाऊन सांगायचं की मी काम शोधतो आहे. बाकी वेळ तो सायकलवर फिरतो आणि पोराला शाळेत पोचवतो. पत्र आलं तेव्हा कौतिकचं तोंड उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी पारावर आला तर छाती वर. म्हणतो, माझ्या जावयाची किंमतच तेवढी आहे, सरकार घरी बसवून पगार देतं. लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या साडी वाळत घालण्यावर हसलेली तीच तोंडं. मूर्खांचा बाजार आहे सगळा. पण त्यामुळे तू शहाणा ठरत नाहीस. तुला तर सरकारही देत नाही, बायको देते.

लिला ताट ओट्यावर आणून ठेवते आणि निघून जाते. तिलाही कामं असतात. भाकरी गार होते. मी काही तक्रार करत नाही.

पुढची ओळ तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव. बाकीचं वाचायची गरज नाही. कैरीच्या लोणच्याची जुनी बरणी कुठे ठेवली आहे ते लिलाला सापडत नाही, कळवावे.

चुडामण

फैजपूर
२ मे १९८७

अभिमन,

बरणी सापडली. ती शोधली नव्हती अशा जागी होती.

सव्वा महिना केव्हाच होऊन गेला. गाडीत बसवून दे म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं, आणि तुझं उत्तर येतं की आई आणखी थोडे दिवस राहीन म्हणते. म्हणते म्हणजे काय? लग्न झाल्यापासून ती कधी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. हे तू तिच्या तोंडात घातलेलं आहे.

तुझ्या पत्रातला तो मजकूर मी दोनदा वाचला. नीट कळावा म्हणून नव्हे, विश्वास बसेना म्हणून. आल्या दिवशी तू चुलीशी (गॅसशी म्हण) बसलास आणि आईला पाटावर बसवून आधी तिला वाढलंस. ती म्हणाली पोरगी जेवू दे, सूनबाई जेवू दे. तू ऐकलं नाहीस. तव्यावरची भाकरी सरळ तिच्या ताटात टाकलीस. आणि ती जेवेना, ताटाकडे बघत बसली. मग तुला म्हणाली, "मह्या ताटात तव्यावरची भाकर कधी पडलीच नही रे." हे तू मला का लिहितोस? मला काय वाटावं म्हणून? घरातल्या बाईने शेवटी जेवायचं ही काही मी काढलेली रीत नाही. माझ्या आईनेही तेच केलं. तिच्या आईनेही. गार भाकरीने कोणी मेलेलं नाही. मी तीन महिने खातो आहे.

तू घरात बसून हे उद्योग करतोस. आधी स्वतः बाई झालास, आता आईला पाहुणी करून ठेवलीस. खायला काळ आणि भुईला भार म्हणतात तो असाच.

कौतिकच्या घरी टेलिफोन आला आहे. त्याने स्वतःहून सांगितलं, लावा हवा तर. तुझ्या घरी फोन नाही, तेव्हा धुळ्याच्या एक्स्चेंजवर निरोप ठेवावा लागणार, आणि तिथे कानाला यंत्र लावून बसलेली आपलीच सून. सासऱ्याने सुनेला सांगायचं का, की बाई, माझी बायको जोडून दे? मी नको म्हणालो. कौतिक फिस्सकन हसला. त्याला हसायला काय, कोणाचं तरी घर लागतंच.

पुढची ओळ आईला मोठ्याने वाच. वाल्मीकची आई, पापड-कुरडयांचे दिवस आहेत, उन्हं वाया चालली आहेत. निघून ये.

चुडामण

फैजपूर
८ जून १९८७

अभिमन,

मी धुळ्याला येऊन गेलो हे तुला माहीत आहे. पण तू त्या वेळी घरात नव्हतास, आणि नंतर तिने तुला काय सांगितलं असेल कोण जाणे. म्हणून जे झालं ते मी लिहून ठेवतो.

गाडीने अंग खिळखिळं झालं. एरंडोलच्या पुढे उभ्याने यावं लागलं, केळीची फणी छातीशी धरून. देवपुरात पोचलो तर तुझं दार सताड उघडं. पुढच्या खोलीत आड्याला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या, खाली सतरंजीवर तीन पोरं, त्यांतलं एक रांगत आलं आणि माझी वहाण तोंडात घालायला लागलं. मला वाटलं घर चुकलं. शेजारची सुंदरबाई तिथे वाटीने एकाला दूध पाजत होती. मी नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "बसा आबा. तुमना आंडोर बठ्ठं करस, गुणी शे." घरातलं सगळं करणाऱ्या मुलाला आमच्याकडे काय म्हणतात ते तिला सांगायचं माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात तुझी आई आतून आली. कडेवर एक परकं पोर. चेहरा भरला आहे तिचा. मला पाहून पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या भरून आणला, पण पोर कडेवरून उतरवलं नाही.

सुंदरबाई शहाणी, उठून गेली. मी विचारलं, हे काय चाललं आहे? ती म्हणाली, एक्स्चेंजवरच्या बायांची पोरं आहेत. प्रमिला कामावर परत गेली, तिची मुलगी आम्ही बघतोच, मग बाकीच्या बायांनी विचारलं. आया ड्यूटीवर जाताना सोडतात, येताना नेतात, महिन्याला पैसे देतात. निम्मे अभिमनचे, निम्मे माझे. हे असं बोलली, माझे. जसं काही ती जन्मभर माझे म्हणत आली आहे.

मला राग आवरेना. मी म्हणालो, "लोकांची पोरं सांभाळायचे पैसे घेतेस? आपली चार वाढवलीस, तेव्हा कोणी दिले होते?"

"तेच तं," ती म्हणाली.

एवढंच. आणि झोळीला झोका द्यायला लागली. मी सांगितलं, पिशवी भर, शेवटची गाडी मिळेल. तिने विचारलं, घरी येऊन काय करू? मी म्हणालो, काय करू म्हणजे? आता तुझं वय झालं, लिला आहे करायला, तू बसून खा.

त्यावर ती माझ्याकडे वळली. सगळ्या संसारात ती माझ्याकडे अशी सरळ बघून बोललेली नाही. म्हणाली, "बसून खायाले मी काय बेकार हाये?"

हा शब्द तिचा नाही. तिच्या तोंडी मी तो कधी ऐकला नव्हता. तो माझ्या पत्रांतला आहे. म्हणजे एकेक ओळ वाच म्हणून मी लिहीत होतो आणि तू तिला पहिल्यापासून सगळी पत्रं वाचून दाखवलीस. कणीक आणि साडी आणि खायला काळ, सगळं. शाबास. बापाची अब्रू अशी जपावी.

मग काय म्हणाली ते तुला सांगितलं का तिने? हेही लिहितो, मी काही लपवत नाही. म्हणाली, "दुपारच्या वक्ती एक मानूस कमी पडते. तुमी रहा." मला. चुडामण फिरकेला, ज्याच्या बागेतल्या केळीच्या वॅगनी दिल्लीला गेल्या, त्याला ती पोरं झोपवायच्या कामावर ठेवत होती. मी छत्री उचलली. पाणी प्यायलो नाही. फणी तिथेच राहिली, ती न्यायला परत फिरलो नाही.

पुलाच्या अलीकडे तू समोरून येत होतास, हातात दुधाची बरणी. मी रस्ता ओलांडला. तू हाक मारलीस. ती मला ऐकू आली होती.

आता मी बोलवणार नाही. राहा म्हणावं तिथेच.

चुडामण

फैजपूर
२६ ऑक्टोबर १९८७

अभिमन,

दिवाळीचं कार्ड मिळालं. त्यात आईचा अंगठा आहे, तो मी ओळखला. दिवाळीलाही ती आली नाही हे गावाने पाहिलं. मी सांगितलं, धुळ्याची नात आजारी आहे. तेव्हा तिला काही दिवस आजारी असू दे.

पत्र लिहिणार नव्हतो. पण इथे काही गोष्टी झाल्या आहेत, त्या तू दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेस.

वाल्मीक आता मोठा माणूस झाला आहे. पाऊस ओसरल्यावर कापणी होती, मी बागेत गेलो आणि कापणाऱ्यांना दाखवत होतो, हा घड घ्या, तो राहू द्या. माणसं एकदा माझ्याकडे बघत, एकदा वाल्मीककडे. तो आला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "आबा, तुमी आता आराम करा." आवाज गोड होता. आजाऱ्याशी बोलतात तसा. तेव्हापासून मी बागेत गेलेलो नाही. त्यालाही ते जाणवलेलं दिसत नाही.

मी सकाळी बाहेर पडतो, दिवेलागणीला येतो. बहुतेक वेळ एस.टी. स्टँडवर बसतो. मला तिथे काम असतं. जळगावची गाडी वेळेवर येते की नाही, त्यातून कोण उतरतं, हे गावातल्या कोणीतरी बघायला हवं. कंट्रोलर ओळखीचा झाला आहे.

आता कौतिकच्या जावयाचं. दिवाळीला आला होता हॉलंडहून, बायको-पोरासह. कौतिकने त्याला पारावर आणून बसवलं, मिरवायला. जावई माणूस साधा. कोणी विचारलं, काम लागलं का, तर म्हणतो, नाही, अजून बेकार आहे. असा म्हणाला की जसं कोणी सांगावं, मी मंगळवारी जन्मलो. खाली मान नाही, घसा खाकरणं नाही. वर विचारतो, यात लपवायचं काय, काम गेलं आहे, मी गेलेलो नाही. लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. कौतिकच्या घरी तो चहा झाला की सगळ्यांचे कप गोळा करून विसळतो. कौतिक म्हणतो, तिकडची रीत आहे. हॉलंडच्या जावयाने कप विसळला ती रीत, आणि फैजपूरच्या पोराने विसळला की पारावर तमाशा. मी हे कौतिकला तोंडावर बोललो. तुझ्यासाठी नाही बोललो. ढोंग मला सहन होत नाही.

त्यानंतर त्या जावयाने मला विचारलं, तुम्ही निवृत्त का? मी म्हणालो, शेतकरी निवृत्त होत नसतो. त्याने मान हलवली आणि सहज, भल्या मनाने विचारलं, "मग काका, तुम्ही आता काय करता?"

याच पारावर मी वर्षभर तुझी सालटी काढली आहेत. मी म्हणालो, देखरेख करतो. वाल्मीक तिथेच मोटारसायकलला टेकून उभा होता. होय म्हणाला असता किंवा नाही म्हणाला असता, मला दोन्ही चाललं असतं. तो किल्ली हातात फिरवत राहिला. जावयाला वाटलं तिकडे राहून आपलं मराठी चुकलं, म्हणून त्याने प्रश्न पुन्हा विचारला.

दुसऱ्या दिवसापासून मी पारावर बसत नाही. तिथे सगळी रिकामटेकडी जमतात. चाळीस वर्षं मी तिथे बसत होतो, पण तेव्हा माझं तसं लक्ष गेलं नव्हतं.

सोमवारी येतो आहे. तुझ्या आईला न्यायला, हे स्पष्ट लिहून ठेवतो. दोन दिवस राहीन, कारण गाडीने अंग दुखतं. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. तुला घरात कामं असतील.

चुडामण

धुळे
११ डिसेंबर १९८७

वाल्मीक,

तुझं पत्र आलं. मी अभिमनकडे आल्यापासूनचं पहिलं. तू विचारतोस आबा परत केव्हा येणार, लोक विचारतात. तू विचारत नाहीस, लोक विचारतात. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. मला चार माणसांत आराम करायला सांगताना तुला शब्द सापडले होते.

वर तुझ्या पत्रात लिलाचा निरोप, की आबा तिकडे परक्यांची पोरं सांभाळतात असं कौतिकनानांच्या कानावर आलं आहे, हे खरं का, आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. लिलाला सांग, तोंड दाखवू नकोस, ताट दाखव. जेवणाऱ्याच्या समोर दोन मिनिटं उभं राहिलं तर हात झडत नाहीत.

खरं काय ते ऐक. मी तुझ्या आईला न्यायला आलो होतो. पहिले दोन दिवस मी खुर्चीवर बसून राहिलो आणि हे सगळे किती चुकीचं करतात ते पाहिलं. अभिमन झोळीचा झोका फार लांब देतो. पोर दचकतं. मी त्याला सांगितलं. त्याने म्हटलं, आबा, दाखवा बरं. मी दाखवलं. दाखवायला उठलो तो त्या दुपारी परत बसायला मिळालं नाही, कारण एक निजलं की दुसरं उठतं, आणि तुझी आई नुसतं पोर आणून हातात देते. जसं मजुराच्या हातात विळा देतात. नको म्हणायला हात रिकामे लागतात.

काम भिकार आहे. मी काही त्याचं कौतुक सांगत नाही. पोरं धोतर ओलं करतात. दुधाच्या बाटल्या उकळायच्या, त्याही मोजून मापून, प्रमिलाने भिंतीवर वेळा लावून ठेवल्या आहेत. ती ड्यूटीवरून आली की मला मामंजी म्हणते, डोक्यावर पदर घेते आणि त्याच आवाजात सांगते की बाटलीला साबणाचा वास येतो. पाटबंधारे खात्यातल्या एका बाईचंही पोर आता येतं. तो मुलगा रडतो तेव्हा वॅगन भरताना हमाल ओरडतात तसा ओरडतो. संध्याकाळी माझी कंबर धरते. बागेत उभ्याने दिवस काढले, तेव्हा अशी कधी धरली नाही. म्हणजे हे काम सोपं आहे असं तुझ्या आईबद्दल मी जन्मभर जे बोललो ते... जाऊ दे. तुला सांगून काय उपयोग, तुझ्या घरी ते लिला करते.

अभिमनला जळगावहून बोलावणं आलं आहे. नवी तेल गिरणी, सुपरवायझरची जागा. गाढवाने विचार करून कळवतो असं उत्तर पाठवलं. मी कडाडलो त्याच्यावर, म्हटलं, लोक अशा नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसतात आणि तू विचार करतोस? तुझी आई आतून म्हणाली, "हळू बोला. पोरं निजली हायेत." तर ते तसंच राहिलं आहे. मला वाटतं तो जाईल. मी इथे आहे म्हणून त्याला जाता येईल, असं काल सुंदरबाई म्हणत होती. तिला सगळ्यांच्या घरातलं कळतं. गेला तर जाऊ दे, आणि न गेला तर तो त्याचा मूर्खपणा. पण त्याला कोणी बेकार म्हणालं तर मला कळव. विशेषतः कौतिक म्हणाला तर.

जेवायला आता आम्ही बसतो ते पोरं गेल्यावर. अभिमन करतो. पहिल्या दिवशी त्याने भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकायला हात पुढे केला. मी ताट हलवलं. ती तुझ्या आईच्या ताटात पडली. कोणी काही बोललं नाही. तूही बोलू नकोस.

काल संध्याकाळी एका पोराचा बाप पहिल्यांदाच न्यायला आला. एरवी आयाच येतात. हा बँकेत आहे, कडक इस्त्रीचे कपडे. त्याचं पोर माझ्या खांद्यावर होतं, दुपारभर किरकिरत होतं, नुकतं शांत व्हायला लागलं होतं. त्याने दारातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातात बाटली, खांद्यावर दुपटं, धोतरावर काय काय. त्याने तुझ्या आईला विचारलं, हे कोण?

आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मालक म्हणेल, अभिमनचे आबा म्हणेल, फैजपूरचे पाटील म्हणेल, काय म्हणते म्हणून मी थांबलो.

तिने बाटली माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि त्या माणसाला म्हणाली, "नवीन हायेत. शिकून राहिले."

मला चांगलं उत्तर सुचलं होतं. पण पोर तेवढ्यात झोपलं.

आबा